डावी कड गुलाबी, उजवी हिरवट: डिजिटल रेंजफाइंडरवर वाइड लेन्सची झाक आणि काळवंडलेले कोपरे कसे सुधारायचे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे लायका एम९ आहे, म्हणजे डिजिटल रेंजफाइंडर: आत आरसा नसलेला, वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायचा कॅमेरा. त्यावर व्होइग्टलँडरची १५ मिमी सुपर वाइड हेलियर, स्क्रू माउंटची पहिली आवृत्ती, अ‍ॅडाप्टर लावून वापरता. फोटोची डावी कड गुलाबी-लालसर दिसते, उजवी हिरवट-निळसर दिसते आणि चारही कोपरे काळवंडतात. व्हाइट बॅलन्स बदलून झाला, लाइटरूम या सॉफ्टवेअरमधलं लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सची तयार दुरुस्ती) लावून झालं. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. लेन्स खराब आहे का, कॅमेरा दुरुस्तीला द्यावा का, लेन्सवर कोडिंग (कॅमेऱ्याला लेन्स ओळखता यावी म्हणून माउंटवर ठिपके) करून घ्यावं का, आणि गेल्या दिवाळीत काढलेले हंपीचे फोटो वाया गेले का, असं तुम्ही विचारलंय.

लेन्स उत्तम आहे. कॅमेऱ्यातही बिघाड नाही. ही लेन्स फिल्मसाठी बनली आणि तिच्यामागे आता सेन्सर आहे, एवढीच अडचण आहे. ती नेमकी किती आहे हे तुम्ही घरी बसून मोजू शकता आणि मग रॉ फाइलमधून (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीतून) तेवढीच वजा करू शकता. मोजायचं साधन म्हणजे एक पांढरी फ्रेम, म्हणजे एकसारख्या पांढऱ्या उजेडाचा काढलेला फोटो. माझं बहुतेक उत्तर त्या पांढऱ्या फ्रेमभोवतीच आहे, कारण ही झाक नजरेच्या अंदाजाने, स्लायडर ओढून काढायला मी स्वतः दोन वर्षं घालवली आहेत आणि ती तशी निघत नाही.

का निघत नाही ते कळलं तर पुढची पथ्यं पाळायला सोपं जाईल, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे. लायका एम माउंटमध्ये ते २७.८ मिमी आहे, आणि मध्ये आरसा नसल्यामुळे लेन्सचा मागचा भिंगगट त्याहूनही आत, पार शटरच्या पडद्याजवळ जाऊ शकतो. १९५० च्या दशकात लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी २१ मिमी बायोगॉन आखली ती याच सवलतीवर. पुढून-मागून जवळजवळ सारखी, समतोल रचना. अशा लेन्सने काढलेल्या सरळ भिंती सरळच राहतात, फुगत नाहीत. तुमची १५ मिमी याच घराण्यातली आहे. तिच्यातून काढलेली देवळाच्या मंडपाची खांबांची रांग पाहा, एकही खांब वाकलेला नसतो. याच गुणासाठी आपण ती वापरतो.

पण मागचं भिंग फिल्मला इतकं चिकटून असलं की मधल्या भागावर प्रकाश सरळ पडतो आणि कोपऱ्यात फार तिरका. फिल्मला त्याचं विशेष वाटत नाही. सेन्सरला वाटतं. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल हा एक आड समजा. भर दुपारी ऊन आडाच्या तळाशी पोचतं. सकाळी नऊ वाजता तेच ऊन फक्त कठड्याखालच्या भिंतीवर राहतं. त्यातून प्रत्येक आडाच्या तोंडावर लाल, हिरवं किंवा निळं झाकण आहे. तिरका किरण एका झाकणातून शिरतो आणि शेजारच्या आडात जाऊन पडतो. म्हणजे लालातून आलेला प्रकाश हिरव्याच्या खात्यात जमा होतो. सेन्सरची आतली मांडणी डावीकडून आणि उजवीकडून तंतोतंत सारखी नसते, म्हणून डाव्या कडेला चूक एका रंगाची आणि उजव्या कडेला दुसऱ्या रंगाची. एम९ आली तेव्हापासून लोक याला इटलीचा झेंडा म्हणत आले आहेत, फक्त इथे तो उलट्या बाजूने फडकतो. भरीला सेन्सरवर इन्फ्रारेड शोषणारी काच असते. तिरक्या किरणाला तिच्यातून लांबचा रस्ता कापावा लागतो, त्यामुळे कोपऱ्यात लाल आणखी थोडा खाल्ला जातो.

कोडॅकने एम८ (एम९ च्या आधीचं मॉडेल) आणि एम९ साठी सेन्सर बनवले तेव्हा यावर बराच विचार झाला होता. पिक्सेलवरची सूक्ष्म भिंगं कडेला जाता जाता मध्याकडे सरकवलेली आहेत, तिरक्या किरणांना वाट मिळावी म्हणून. काच मुद्दाम पातळ ठेवली: एम८ वर अर्धा मिमी, एम९ वर ०.८ मिमी. तरीही १५ मिमीपुढे हे सगळं तोकडं पडतं, कारण इथे कोन फार मोठा आहे.

आता काळवंडण्याचं. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात आणि त्या वेगळ्या ओळखता यायला हव्यात. पहिली म्हणजे लेन्सची नळीच कडेच्या किरणांना अडवते. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक, दोन स्टॉप बंद केलं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) की ही बहुतेक जाते. दुसरी भूमितीची आहे: कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताइतका प्रकाश कोपऱ्यात पोचतो. हा ठोकताळा आहे, पण समतोल रचनेच्या लेन्सना बराच लागू पडतो. ३६×२४ मिमीच्या फ्रेममध्ये ५० मिमी लेन्सचा कोपरा त्या हिशेबाने अर्धा स्टॉप काळा, ३५ चा साधारण एक स्टॉप, २८ चा सव्वा ते दीड, २१ चा दोन आणि १५ चा सव्वातीन. हा भाग अ‍ॅपर्चर कितीही बंद केलं तरी जात नाही. रंगाची झाकही जात नाही, कारण कोन तोच राहतो. तुम्ही एफ/११ वर काढून पाहिलंत आणि फरक पडला नाही म्हणालात, त्याचं कारण हेच.

फिल्मच्या काळात यावर काचेचाच उपाय होता. झाइसची १५ मिमी होलोगॉन एफ/८ ची होती, तिच्यासोबत मध्यभागी गडद आणि कडेला स्वच्छ असा फिल्टर मिळायचा. मधला प्रकाश दोन स्टॉप खाली आणून कोपऱ्यांच्या बरोबरीला न्यायचा, म्हणजे लेन्स प्रत्यक्षात एफ/१६ ची व्हायची. आपण आता तेच काम गणिताने करणार आहोत.

गणित असं. समजा तुम्ही अगदी एकसारख्या पांढऱ्या उजेडाचा फोटो काढला. मध्यभागी लाल, हिरवा, निळा तिघांचीही किंमत १००० आली. डाव्या कडेला लाल २५०, हिरवा २००, निळा २०० आला. म्हणजे त्या जागी लालाला ४ ने गुणायचं आणि हिरव्या-निळ्याला ५ ने. उजव्या कडेला लाल १६०, हिरवा २००, निळा १९० आला, तर तिथले गुणक वेगळे. प्रत्येक जागेचे, प्रत्येक रंगाचे असे गुणक काढून ठेवायचे आणि खऱ्या फोटोला लावायचे. व्हाइट बॅलन्स हा सगळ्या फोटोला एकच गुणक लावतो, म्हणून डावीकडचं गुलाबी गेलं की उजवीकडचं हिरवट वाढतं. तयार लेन्स प्रोफाइल काळेपणा मध्यापासून गोलाकार धरून काढतं आणि तिन्ही रंगांना सारखंच वागवतं. डाव्या-उजव्यातला फरक त्याच्या हिशेबातच नसतो.

याच हिशेबातून एक पथ्य निघतं. गुणाकार रॉ फाइलवर, व्हाइट बॅलन्स आणि टोन कर्व्हच्या (उजेड-अंधाराचं प्रमाण बदलणाऱ्या वक्राच्या) आधी व्हायला हवा. जेपेगवर कर्व्ह आधीच बसलेला असतो, त्यामुळे तिथे २०० ला ५ ने गुणून १००० मिळत नाही. जेपेग काढत असाल तर सोबत डीएनजी (तुमच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल) सुरू करा, नाहीतर पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

आता पांढरी फ्रेम कशी काढायची. साइनबोर्ड बनवणाऱ्याच्या दुकानात दुधी अ‍ॅक्रिलिकचे उरलेले तुकडे पडलेले असतात. तीन मिमी जाडीचा, तळहाताएवढा तुकडा मागा. निवडताना तो ट्यूबलाइटसमोर धरा. पलीकडे ट्यूब कुठे आहे ते कळता कामा नये, नुसता उजळ पांढरा पत्रा दिसला पाहिजे. ट्यूबची रेघ दिसली तर तुकडा पातळ आहे. दुसरा घ्या किंवा दोन एकावर एक धरा. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर भिंगाला चरा पडेल. कागद, रुमाल, पांढरी भिंत यांच्या नादी लागू नका. १५ मिमी इतकी रुंद पाहते की कुठल्याही भिंतीवर डावीकडून उजवीकडे उजेडाचा उतार असतोच, आणि तो उतार लेन्सचा दोष समजून तुमच्या गुणकांत शिरतो.

सकाळी किंवा संध्याकाळी सावलीत उभे राहा आणि कॅमेरा मोकळ्या आकाशाकडे करा. सूर्य पाठीमागे, आकाश शक्यतो सारखं. अ‍ॅक्रिलिक लेन्सवर सपाट टेकवून धरा. इथे तुमच्या पहिल्या आवृत्तीची एक अडचण आहे. तिचं हूड पाकळ्यांचं आहे, लेन्सलाच जोडलेलं, आणि फिल्टरचे आटे नाहीत. अ‍ॅक्रिलिक पाकळ्यांच्या टोकांवर टेकतं आणि दोन पाकळ्यांमधल्या खाचांतून बाजूचा उजेड आत शिरतो. पहिल्यांदा माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. माझ्या सगळ्या फ्रेमना वरच्या बाजूला एक फिकट पट्टा येत होता आणि मी सेन्सरला दोष देत बसलो होतो. आता काळ्या कापडाची चार बोटं रुंद पट्टी हुडाभोवती गुंडाळतो, तिच्यावर रबरबँड आणि मग अ‍ॅक्रिलिक. बोटं अ‍ॅक्रिलिकच्या कडेला धरायची, पुढे येऊ द्यायची नाहीत. अंगठ्याची सावलीसुद्धा फ्रेममध्ये उतरते.

एक्स्पोजर असं ठेवा की हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखाचा) ढीग मध्याच्या थोडा उजवीकडे असेल, पण तिन्हीपैकी एकही रंग उजव्या भिंतीला टेकणार नाही. टेकला तर मध्यभागाची किंमत खोटी होते आणि सगळे गुणक बिघडतात. फार कमी दिलं तर कोपऱ्यांत नुसती खर (नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके) उरते. आयएसओ १६०. फोकस अनंतावर. मग अ‍ॅपर्चर बदलत एफ/४.५, एफ/५.६, एफ/८ अशा तीन फ्रेम, प्रत्येकीच्या दोन-दोन प्रती, आणि दुसरी प्रत कॅमेरा उलटा धरून. नंतर दोन्ही शेजारी ठेवून पाहा. झाक त्याच बाजूला राहिली तर ती लेन्स-सेन्सरची. कॅमेऱ्याबरोबर बाजू बदलली तर ती आकाशाची, आणि फ्रेम पुन्हा काढायची. ही पडताळणी सहसा कोणी करत नाही, पण मी कोणालाही पहिली हीच सांगतो.

एफ/८ च्या पुढे वेगळी फ्रेम लागत नाही, तीच चालते. अगदी जवळचं फोकस वापरत असाल तर त्याची एक वेगळी काढून ठेवा, कारण लेन्स पुढे सरकली की कोन थोडा बदलतो. १५ मिमीवर तो फरक किरकोळ असतो. उजेडाचा प्रकार मात्र दुर्लक्षू नका. पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल आणि इन्फ्रारेडचं प्रमाण जास्त असतं आणि झाक दिवसापेक्षा वेगळी पडते. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा हॉलमध्ये काम असेल तर त्याच उजेडात एक पांढरी फ्रेम काढून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

फाइलच्या नावात अ‍ॅपर्चर लगेच लिहा. एम लेन्स कॅमेऱ्याला अ‍ॅपर्चर कळवत नाही. एम९ पुढच्या छोट्या सेन्सरवरचा उजेड आणि लेन्समधून आलेला उजेड यांची तुलना करून अंदाज बांधतो आणि तो फाइलमध्ये नोंदवतो. अ‍ॅक्रिलिक लावल्यावर तर तो अंदाज पूर्ण चुकतो. एफ/८ ची फ्रेम एफ/१६ म्हणून नोंदलेली मी पाहिली आहे. म्हणून मी ‘हेलियर१५_एफ४.५_ऊन’ अशी नावं देतो आणि सॉफ्टवेअरला आपोआप निवडू देत नाही.

सॉफ्टवेअरची निवड तुम्ही आधीच काय वापरता त्यावर ठरवा. सँडी मॅकगुफॉग यांनी एम८ च्या दिवसांत याच दुखण्यासाठी कॉर्नरफिक्स नावाचं छोटं फुकट साधन लिहिलं. ते पांढऱ्या फ्रेमवरून प्रोफाइल बनवतं आणि डीएनजी फाइल दुरुस्त करून वेगळी डीएनजी देतं. मूळ फाइलला हात लावत नाही. पिक्सेलची खर प्रोफाइलमध्ये शिरत नाही, कारण ते गुळगुळीत वक्र बसवतं. रॉथेरपीही फुकट आहे. त्यात रॉ टॅबमध्ये फ्लॅट-फील्ड नावाचा भाग आहे, तिथे पांढरी फ्रेम हाताने निवडायची. ब्लर ‘एरिया’ वर आणि त्रिज्या थोडी वाढवून ठेवा, म्हणजे पांढऱ्या फ्रेममधली धूळ आणि खर तुमच्या फोटोत उमटणार नाही. कॅप्चर वनमध्ये याला एलसीसी म्हणतात, आणि माझ्या मते या कामासाठी सगळ्यांत नेटकी व्यवस्था तिथेच आहे: रंगाची झाक आणि उजेडाचा समतोल अशा दोन वेगळ्या खुणा, आणि समतोल किती करायचा त्याचा वेगळा स्लायडर. लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररी मेनूत फ्लॅट-फील्ड करेक्शन आहे. त्यात पांढरी फ्रेम फोटोंच्या लगत, पुढे किंवा मागे, असावी लागते. त्यामुळे प्रत्येक जागी फ्रेम काढायची सवय असेल तर ते सोयीचं पडतं. कुठलंही वापरा, पण त्याच फोटोवर लेन्स प्रोफाइलमधली व्हिनेटिंगची (कोपऱ्यांच्या काळेपणाची) दुरुस्ती शून्यावर आणा. नाहीतर कोपरे दोनदा उजळतात आणि राखाडी, फुगलेले दिसतात.

आता ज्या मुद्द्यावर माझं मत ठाम आहे तो सांगतो. रंग शंभर टक्के काढा, काळेपणा शंभर टक्के काढू नका.

रंगाची झाक ही खोटी माहिती आहे. तिथे गुलाबी नव्हतं, सेन्सरने ते घातलं. गोव्यात एका चॅपेलच्या आतल्या भागाचे फोटो मी एम९ आणि २१ मिमीने काढले होते. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, दोन्हीकडे कमानी, मध्ये वेदी. छापून दिल्यावर तिथल्या वयस्कर काकांनी फोटो हातात धरला आणि विचारलं, “ह्या बाजूक कोणें रंग काडलो?” म्हणजे, या बाजूला रंग कोणी दिला? त्यांनी त्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर स्वतः चुना दिला होता. दगडावर, झाडीत, गर्दीत झाक लपते. पांढऱ्या चुन्यावर ती लपत नाही. त्या दिवसापासून मी झाकेच्या बाबतीत थोडंसुद्धा चालवून घेत नाही.

काळेपणाचं तसं नाही. तिथे प्रकाश खरोखरच कमी पोचला आहे, आणि तो परत आणायला किंमत मोजावी लागते. कोपरा तीन स्टॉप उचलला म्हणजे आठने गुणला. आयएसओ १६० वर काढलेल्या फोटोचा मध्य १६० चाच राहतो आणि कोपरा १२८० वर काढल्यासारखा खरखरीत होतो. ६४० वर काढला असेल तर कोपरा ५००० च्या पुढे, आणि एम९ चा सेन्सर तिथे टिकत नाही: सावल्यांत रंगीत ठिपके आणि पट्टे येतात. शिवाय नजरही फसते. १५ मिमीच्या फोटोत कोपऱ्यातल्या वस्तू आधीच ताणलेल्या असतात. त्यांना मध्याइतकंच उजळ केलं की डोळा त्या ताणाकडे जातो. मी साधारण निम्मा ते साठ टक्के काळेपणा काढतो. आकाश असेल तर थोडा जास्त, कारण निळ्या आकाशात काळा उतार कुरूप दिसतो. देवळाच्या आतला भाग असेल तर कमी. कॉर्नरफिक्स आणि कॅप्चर वनमध्ये हे दोन्ही वेगवेगळं ठरवता येतं. रॉथेरपीत दोन्ही एकत्र निघतं, म्हणून तिथे आधी सगळं काढून मग व्हिनेटिंगच्या स्लायडरने थोडा काळेपणा परत घालायचा.

एक जागा अशी आहे जिथे पांढरी फ्रेमही मदत करत नाही. कडेला खिडकी किंवा ढग पूर्ण पांढरा फुटला असेल तर तिन्ही रंग कमाल किमतीला अडकलेले असतात. त्यांना वेगवेगळ्या गुणकांनी गुणलं की पांढऱ्याच्या जागी फिकट गुलाबी किंवा हिरवा ठिपका येतो. म्हणून कडेला उजेड असेल तेव्हा एक्स्पोजर थोडं कमीच द्या.

कोडिंगबद्दल विचारलंत. लायकाच्या लेन्सच्या माउंटवर सहा ठिपके असतात, काळे किंवा पांढरे, म्हणजे ६४ वेगवेगळ्या मांडण्या. कॅमेरा ते वाचून लेन्स ओळखतो आणि तिच्यासाठी आधीच ठरवलेली दुरुस्ती रॉ फाइलमध्येच करून टाकतो. एम८ वर ते ठिपके लागायचेच, कारण त्यात लेन्स हाताने निवडायची सोय नव्हती. एम९ मध्ये मेनूतून लेन्स निवडता येते, मग ठिपक्यांसाठी पैसे कशाला? पण मेनूत तुमची लेन्स नाही. ती लायकाची नाही. लोक जवळची एखादी लायका लेन्स निवडून भागवतात, आणि २१ किंवा २८ मिमीच्या परक्या लेन्सवर ते बऱ्यापैकी जमतंही. रोजच्या फिरतीच्या फोटोंना मीसुद्धा तेवढंच करतो. १५ मिमीवर मात्र उसनी दुरुस्ती नेहमी कुठेतरी कमी किंवा जास्त पडते. तिथे मी लेन्स डिटेक्शन (लेन्स ओळखून दुरुस्ती करण्याचं मेनूतलं सेटिंग) बंद ठेवतो आणि पांढऱ्या फ्रेमवर विसंबतो. तुम्ही काहीही ठरवा, पण पांढरी फ्रेम आणि फोटो दोन्ही एकाच सेटिंगवर काढलेले हवेत. फोटो डिटेक्शन चालू ठेवून आणि पांढरी फ्रेम बंद ठेवून काढली, तर कॅमेऱ्याने आधीच काढलेली झाक तुम्ही पुन्हा काढाल आणि बाजू उलट्या होतील: डावीकडे हिरवट, उजवीकडे गुलाबी. फोटो असा उलटा दिसला की आधी हेच तपासा.

तुम्ही जाता जाता विचारलेल्या बाकीच्या गोष्टी. यूव्ही-आयआर (अतिनील आणि इन्फ्रारेड किरण अडवणारा) फिल्टर एम९ वर लावू नका. तो एम८ साठी होता. त्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड अडसर इतका कमी होता की काळं टेरिलीन जांभळं दिसायचं. तो फिल्टर तिरक्या किरणांतला लाल कापतो, त्यामुळे कोपरे निळसर-हिरवट होतात. एम९ वर एका झाकेवर दुसरी चढेल. फोटो कृष्णधवल करणार असाल तरी आधी झाक काढा. लाल चॅनल वर नेला की गुलाबी कड उजळते, हिरवी कड काळी पडते, आणि आकाश एका बाजूने गढूळ दिसतं. एम मोनोक्रोमवर ही भानगड नाही, कारण त्याच्या पिक्सेलवर रंगाची झाकणंच नाहीत. तिथे फक्त काळेपणा उरतो. सोनीच्या ए७ वर ही लेन्स लावायचा विचार असेल तर त्या सेन्सरवरची काच बरीच जाड आहे. तिने कोपऱ्यातला तपशील फरफटल्यासारखा पुसट होतो, आणि पांढरी फ्रेम रंग सुधारते, पुसटपणा नाही. याच १५ मिमीची २०१५ ची तिसरी आवृत्ती डिजिटलचा विचार करून नव्याने आखली आहे. ती एम९ वर कितीतरी शांत वागते, पण आकाराने मोठी आणि वजनदार आहे. तुमची जुनी छोटीशी लेन्स खिशात मावते म्हणून तुम्हाला आवडते असं तुम्हीच लिहिलंय. मग तिच्यासाठी अ‍ॅक्रिलिकचा एक तुकडा सांभाळणं मला जड वाटत नाही.

राहिले हंपीचे फोटो. ते वाया गेलेले नाहीत. झाक त्या दिवसाची नव्हती, तुमच्या लेन्स आणि सेन्सरच्या जोडीची होती, आणि ती जोडी आजही तुमच्या हातात आहे. या रविवारी गच्चीवर पांढऱ्या फ्रेम काढा आणि हंपीच्या डीएनजींना लावा. दोन गोष्टी मात्र आधी बघा. तेव्हा लेन्स डिटेक्शन कोणत्या सेटिंगवर होतं ते आठवा, किंवा एखादी फाइल उघडून तिच्यात लेन्सचं नाव नोंदलं गेलंय का ते पाहा, आणि पांढऱ्या फ्रेम त्याच सेटिंगवर काढा. दुसरं, मधल्या काळात सेन्सर बदलून घेतलाय का? एम९ च्या मूळ सेन्सरवरची काच गंजण्याची तक्रार सगळीकडे होती आणि लायकाने अनेकांना नव्या काचेचे सेन्सर बसवून दिले. तुमचा बदलला असेल तर नवी पांढरी फ्रेम जुन्या फोटोंना तंतोतंत बसणार नाही. मग विठ्ठल मंदिराच्या आवारातला एखादा ढगाळ आकाशाचा फोटो घ्या, त्याच्यावर ती लावून बघा आणि कडेला किती झाक उरते ते मला पाठवा. त्यावरून पुढचं ठरवू.